मांडवाखाली काम करून धरलेला खांदा : विरळणीच्या तोंडावर ड्राय नीडलिंग करून घ्यावं का?

द्राक्षमळा

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात मांडव पद्धतीची द्राक्षबाग आहे. फळछाटणी उरकली, फेलफुटी (नको असलेले फुटवे) काढणं चालू आहे, पुढे विरळणी (घडातले जादा मणी कात्रीने काढणं) आणि डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) आहेच. वय ४६, कात्री उजव्या हातात.

दुखणं दोन ठिकाणी आहे. मान आणि खांदा जिथे मिळतात त्या कडेला सुपारीएवढी कडक गाठ लागते. ती दाबली की कळ मानेच्या बाजूने कानामागून कानशिलापर्यंत जाते. दुसरं दुखणं खांद्याच्या पुढच्या बाजूला, खोलवर. उजव्या कुशीवर झोपलं की जास्त. हात वर धरून अर्धा तास काम झालं की दोन्ही चढतात, हात खाली सोडले की हळूहळू उतरतात. दीड-दोन महिने असंच चाललंय. मानेच्या एक्स-रेत वयोमानाप्रमाणे झीज आहे, बाकी काही नाही. मधुमेह नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे.

गंगापूर रोडवरच्या फिजिओथेरपिस्टनी ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत औषधाविना बारीक सुई टोचणं, सुचवलंय. जाणकारांना विचारायचंय : या जागी सुई फुफ्फुसाला लागू शकते का, आणि लागू नये म्हणून नेमकं काय करतात? अ‍ॅस्पिरिन चालू असताना चालतं का? किती वेळा करावं लागतं? आणि सुई टोचल्यावर परत हात वर धरायला कधी सुरुवात करावी? विरळणीत आठ दिवस घरी बसणं जमणारं नाही.

सुई_आणि_स्नायू (फिजिओथेरपिस्ट, कॉलेज रोड)

दादा, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही वाटा आमच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. कानशिलाकडे जाणारी कळ ट्रॅपेझियस स्नायूच्या वरच्या भागाची. पुढच्या बाजूचा खोल ठणका मात्र पुष्कळदा मागून येतो, फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या) हाडावर पसरलेल्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूतून. रुग्ण पुढे बोट दाखवतो, मलम पुढे चोळलं जातं, शेकही पुढेच, आणि मूळ मागे तसंच राहतं. घरच्या कुणाला तरी तुमच्या फऱ्यावर हात फिरवायला सांगा. वरच्या भागात हाडाची एक आडवी कड लागते. तिच्या दोन बोटं खाली अंगठ्याने पाच-सात सेकंद सावकाश दाबायचं. पुढचा ठणका जागा झाला तर उत्तर बरंचसं मिळालं.

अशा जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूत दोरीसारखा ताठलेला पट्टा लागतो आणि त्यावर एक जागा सर्वांत हळवी असते. पण दाबल्यावर दुखलं एवढ्यावर सुई घालायची नसते. खांद्याची ती कड दहापैकी बहुतेक माणसांची दुखतेच. तुमचं रोजचं दुखणं, त्याच वाटेने जाणारं, तसंच्या तसं उठलं पाहिजे. हे न तपासता ‘पूर्ण खांद्याला दहा सुया’ लावल्या तर आठ सुया वाया आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका मात्र दहाचा.

आत काय होतं याचं सध्या सर्वांत जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण असं : मज्जातंतू जिथे स्नायूला मिळतो तिथे अ‍ॅसिटिलकोलीन हे स्नायूला आकसायला लावणारं रसायन प्रमाणाबाहेर सुटत राहतं, तिथले तंतू आकसून बसतात, रक्तपुरवठा दबतो आणि कळ उठवणारी रसायनं साठतात. सुई त्या जागी पोचली की तो पट्टा एकदम फडफडतो. सुईवर ठेवलेल्या बोटांना तो झटका स्पष्ट लागतो आणि सुईची मूठही हलताना दिसते. हा मणक्याच्या पातळीवरचा रिफ्लेक्स आहे, तुम्ही मुद्दाम करू शकत नाही की थांबवू शकत नाही. पेटका येऊन लगेच सुटावा तसं वाटतं.

सुई भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही. खांद्याच्या कडेला ०.२५ मिलिमीटर जाडीची, ३० किंवा ४० मिलिमीटर लांबीची पुरते. कमरेच्या नि नितंबाच्या जाड स्नायूंना ०.३० जाडीची, ५० ते ७५ मिलिमीटर लांब लागते. इंजेक्शनची २६ गेजची सुई सुमारे ०.४५ मिलिमीटर जाड असते आणि तिचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे ती तंतू बाजूला सारत नाही, कापत जाते. हे काम इंजेक्शनच्या सुईने करून घेऊ नका.

पद्धत सांगतो म्हणजे समोर काय चाललंय ते कळेल. आधी हातमोजे. कातडी ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यायची, ओलं असताना टोचलं की चुरचुरतं आणि निर्जंतुकीकरणही अर्धवट राहतं. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावर मुदतीची तारीख असते. प्लॅस्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवून सुईच्या मुठीवर एक टिचकी मारतात, टोक कातडीतून पार होतं, नळी काढून घेतात. मग सुई सावकाश स्नायूत, आणि तिथून कातडीखालपर्यंत परत आणून दिशा किंचित बदलून पुन्हा आत. एका जागेला अर्धा ते दीड मिनिट. फडफड मंदावली किंवा तुम्ही ‘बस’ म्हणालात की थांबायचं. पहिल्या वेळी दोन, फार तर तीन जागा. सुई काढल्यावर कापसाने अर्धा मिनिट दाबायचं. वापरलेली सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम हेच सांगतात. टेबलावर ट्रेमध्ये पडलेल्या सुया दिसल्या तर त्या क्लिनिकमध्ये बाकीची शिस्त कशी असेल ते समजून घ्या.

हे सगळं झोपवून करतात, स्टुलावर बसवून नाही. सुई पाहून किंवा पहिल्या फडफडीला काहींचा रक्तदाब एकदम उतरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपलेला माणूस पडत नाही. उपाशीपोटी जाऊ नका, जाण्याआधी तासाभरात काहीतरी खाल्लेलं असू द्या.

अ‍ॅस्पिरिन ७५ साठी नीडलिंग बंद नाही. गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका, हृदयासाठीची गोळी सोडण्याचा धोका काळ्यानिळ्या डागापेक्षा कितीतरी मोठा आहे. सुई काढल्यावर दोन मिनिटं दाबून धरायला सांगा. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं असतील, किंवा अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलही असेल, तर गोष्ट वेगळी. मग जिथे वरून दाबून रक्त थांबवता येत नाही अशा खोल स्नायूंना हात लावत नाहीत आणि आधी औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारतात. तुमची पूर्ण औषधांची यादी फिजिओंना दाखवा.

फुफ्फुसाचं पुढे लिहितो, तो विषय एका ओळीत उरकण्यासारखा नाही.

अस्थी_नाशिकरोड (अस्थिरोगतज्ज्ञ)

सुईच्या आधी निदान पक्कं करा. तुमच्या वर्णनात स्नायूचं दुखणं बसतं, पण त्याच जागेवर दुसरी दुखणीही बसतात, आणि ती सुईने सुटत नाहीत.

घरी तीन गोष्टी तपासा. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमचं मनगट धरून हात बाहेर वळवायला सांगा. डाव्याशी तुलना करा. उजवा हात दुसऱ्याने वळवूनही अर्ध्यातच अडकत असेल तर तो फ्रोझन शोल्डर (आखडलेला सांधा) असण्याची शक्यता मोठी. मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो. दुसरं, हात बाजूने वर उचलताना ताकदच नाही, दुसऱ्या हाताने उचलावा लागतो, असं असेल तर खांद्याच्या स्नायूबंधाला (टेंडनला) फाट आहे का ते सोनोग्राफी किंवा एमआरआयवर पाहावं लागतं. तिसरं, कळ कोपराच्या खाली जाते का, बोटांना मुंग्या येतात का, कात्री दाबताना पकड सुटते का. तसं असेल तर मानेतली नस दबलीय का हे आधी बघायचं.

एक्स-रेतली झीज ४६ व्या वर्षी बहुतेकांच्या मानेत दिसते. तिच्यावरून दुखण्याचं कारण ठरत नाही, आणि ‘मणका गेलाय’ अशी भीतीही घ्यायची नाही.

हृदयाची गोळी चालू आहे म्हणून स्पष्ट लिहितो. हात वर धरल्याने नाही, पण चालताना, जिना चढताना, श्रम केल्यावर खांदा, जबडा किंवा छाती भरून येत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल तर फिजिओकडे नाही, ईसीजी काढायला जा. उजव्या खांद्याच्या टोकावरचं दुखणं तेलकट जेवणानंतर येत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी. ताप, वजन उतरणं, कुठल्याही स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं, यांपैकी काही असेल तर सुई बाजूला ठेवा.

द्राक्षमळा

डॉक्टर, तिन्ही करून पाहिलं. हात बाहेर डाव्याइतकाच वळतो. वर पूर्ण जातो, शेवटी ओढ बसते. कोपराखाली काही नाही, मुंग्या नाहीत, कात्रीची पकड ठीक. श्रमाने छाती-जबडा भरत नाही. आणि फऱ्यावर दोन बोटं खाली दाबल्यावर पुढचा ठणका तसाच उठला, अंगठा काढल्यावरही थोडा वेळ राहिला. आता फुफ्फुसाचं सांगा, घरच्यांना तीच धास्ती आहे.

सुई_आणि_स्नायू

धास्ती अनाठायी नाही. फुफ्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्या, म्हणजे क्लॅव्हिकलच्या, आतल्या तिसऱ्या हिश्शामागून सुमारे अडीच सेंटिमीटर वर आलेलं असतं. तुमची गाठ आहे तिथून वरून सरळ खाली सुई सोडली तर बारीक अंगाच्या माणसात ती तिथवर पोचू शकते. फुफ्फुसाभोवती हवा शिरण्याचे, न्यूमोथोरॅक्सचे, प्रकार क्वचित होतात. पण जे होतात ते बव्हंशी याच भागात : ट्रॅपेझियसची वरची कड, फऱ्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्याजवळचा लेव्हेटर स्कॅप्युली, मणका आणि फरा यांमधले ऱ्हॉम्बॉइड.

म्हणून ट्रॅपेझियसला सुई सोडण्याची रीत ठरलेली आहे. पालथं किंवा कुशीवर झोपवतात, खांदा सैल. अंगठा एका बाजूला आणि दोन बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून स्नायूची कड चिमटीत धरून शरीरापासून वर उचलतात. सैल पडलेला स्नायू चांगला दीड-दोन बोटं उचलला जातो आणि बोटं त्याच्या खालून जवळपास एकमेकांना भेटतात. सुई त्या चिमटीतच, आडवी, अंगठ्याकडून समोरच्या बोटाकडे जाते. टोकाची टोचणी पलीकडच्या बोटाला कातडीतून जाणवते, तितकंच आत जायचं. सुई आत असेपर्यंत चिमटी सुटता कामा नये. चिमटी सोडून ‘सुई लावून ठेवतो, दहा मिनिटं पडून राहा’ हे या जागेवर नको. स्नायू खाली बसतो, तुम्ही खोकलात किंवा हललात की टोकाची दिशा बदलते.

तेव्हा फिजिओंना आधीच विचारा : ‘वरच्या ट्रॅपेझियसला सुई कशी सोडता?’ चिमटीत धरून, असं उत्तर आलं आणि हाताने करून दाखवलं तर पुढे जा. बसवून, वरून खाली सोडतो म्हणाले तर नमस्कार करून निघा.

इन्फ्रास्पायनेटसला ही भीती बरीच कमी, कारण खाली फऱ्याचं रुंद हाड आहे. सुई हाडाला टेकेपर्यंत जाते आणि तिथे थांबते. मात्र फऱ्याची आतली आणि बाहेरची कड बोटांनी आधी नक्की करून घ्यावी लागते. कडेबाहेर घसरली तर खाली बरगड्यांमधली फट असते. ऱ्हॉम्बॉइडच्या वाटेला पहिल्या भेटीत जायची गरजच नाही, ती जागा हाताने दाबूनही सुटते.

घरच्यांना सांगून ठेवायचं ते असं. सुईनंतर श्वास घेताना छातीत किंवा फऱ्यामागे टोचणं, धाप लागणं, कोरडा खोकला, यांतलं काहीही आलं तर थेट इमर्जन्सी असलेलं रुग्णालय गाठा आणि ‘खांद्याला ड्राय नीडलिंग झालंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. छातीचा एक्स-रे काढतात. लक्षणं टेबलावरच येतील असं नाही, काही तासांनी येतात, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून पिंपळगाव-निफाडकडच्या लोकांनी संध्याकाळची शेवटची वेळ घेऊ नये. सकाळची घ्या, दिवस हाताशी राहतो. शहरात असाल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय रात्रीही उघडं असतं. ‘सुईचं दुखणं असेल, सकाळी बघू’ म्हणून झोपायचं नाही. सुईचं दुखणं स्नायूत असतं, दाबल्यावर वाढतं. श्वासाबरोबर वाढणारं दुखणं वेगळं.

अंबड_शिफ्ट

मध्येच विचारतो. हे आणि अ‍ॅक्युपंक्चर एकच ना? सुई तर सारखीच दिसते. आणि खरंच उपयोग होतो का, का टोचल्याचं समाधान?

पुराव्यानिशी (फिजिओथेरपीचे अध्यापक)

सुई जवळपास सारखीच, ती कुठे आणि का टोचायची हे वेगळं. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये मेरिडियनवरच्या (शरीरात ऊर्जेच्या म्हणून मानलेल्या वाटांवरच्या) ठरलेल्या बिंदूंना सुया लावून वीस-तीस मिनिटं ठेवतात. ड्राय नीडलिंगमध्ये बोटाने शोधलेला ताठ पट्टा हेच लक्ष्य. ट्रिगर पॉइंटचे नकाशे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी मांडले. ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर होत्या. त्या काळी अशा जागी भुलीचं इंजेक्शन देत. चेक डॉक्टर कॅरेल लेविट यांनी १९७९ मध्ये लिहिलं की औषध नसलं तरी नुसत्या सुईनेही दुखणं उतरतं, फक्त ती नेमक्या जागी लागली पाहिजे.

उपयोगाबद्दल : मान आणि खांद्याच्या स्नायूंच्या दुखण्यात काही दिवस ते काही आठवडे दुखणं कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. पुराव्याची प्रत कमी ते मध्यम. दीर्घ मुदतीत सुईने काही वेगळं साधतं असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि हाताने केलेल्या उपचारांपेक्षा ती फार वरचढ ठरत नाही. खोटी सुई टोचून तुलना करणंही अवघड असतं, कारण न टोचलेली सुई ओळखू येते. तेव्हा समाधानाचा वाटा असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मान वळवण्याची मर्यादा लगेच वाढते, ती मोजता येते, आणि तिथे काम सुरू करता येतं.

वर फडफड मंदावेपर्यंत चालू ठेवायचं असं लिहिलंय, तिथे माझं मत वेगळं. फडफड आली तरच गुण येतो हे सिद्ध झालेलं नाही. जितक्या वेळा सुई खाली-वर तितका दुसऱ्या दिवशीचा ठणका जास्त, हे मात्र दिसतं. पहिल्या वेळी दोन-तीन फडफडी मिळाल्या की पुरे.

सुई_आणि_स्नायू

सर, मान्य. हात वर धरून काम करणाऱ्याला तर तो जादा ठणका परवडणारच नाही. दादा, पहिल्या वेळी हलकंच करायला सांगा.

हातांचं_काम (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात दरवर्षी विरळणीला खांदे येतात आणि एप्रिलच्या खरड छाटणीला पुन्हा तेच येतात. मालकही, मजूर बायकाही. सुईने तुम्हाला दोन-चार दिवसांची सवलत मिळते. त्या दिवसांत स्नायूला काम शिकवलं नाही आणि मांडवाखालची पद्धत बदलली नाही, तर गाठ त्याच जागी परत भरते. म्हणून मला सुईपेक्षा हे जास्त सांगायचंय.

कोपर खांद्याच्या वर गेलं की ट्रॅपेझियस आणि इन्फ्रास्पायनेटस सतत आवळलेले राहतात. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. घड जितका डोक्याच्या वर, तितकी मानही मागे पडते. उपाय उंचीचा आहे : हात डोक्याच्या समोर, कोपर खांद्याच्या खाली राहील इतके उंच व्हा. बुटक्या माणसाला पंधरा-वीस सेंटिमीटर उंची लागते. लोक क्रेट पालथं घालतात, पण ठिबकच्या कडेची ओली काळी माती एका कोपऱ्याने दबते आणि क्रेट कलतं. खाली दीड-दोन फूट लांबीची फळी टाका किंवा रुंद पायांची लाकडी घोडी बनवून घ्या. खांदा वाचवताना घोटा मोडायला नको.

दर पंधरा-वीस मिनिटांनी हात अर्धा मिनिट पूर्ण खाली सोडा, मुठी उघडा, खांदे पाच-सहा वेळा मागे फिरवा. अर्ध्या दिवसानंतर एकदम मोठी सुट्टी घेण्यापेक्षा हे छोटे थांबे जास्त उपयोगाचे. विरळणीच्या कात्रीची स्प्रिंग कडक असेल तर बदला, पात्यांना धार लावा. बोथट कात्रीला दाबायला लागणारी ताकद मनगटात थांबत नाही, खांद्यापर्यंत चढते. विरळणी, पानं काढणं, डिपिंग अशी कामं दिवसात वाटून घ्या, सकाळभर एकच नको. डिपिंगचं द्रावणाचं भांडं (मग) डाव्या हातात धरायची सवय केलीत तर उजव्याला तेवढीच उसंत.

व्यायाम फार नाहीत. कोपर बरगडीला टेकवून, हाताची मागची बाजू दाराच्या चौकटीला लावून बाहेरच्या दिशेने ढकलायचं, चौकट हलत नाही, तीस ते पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. हा सुईच्या दुसऱ्या दिवसापासून. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रबरी पट्टा धरून हीच हालचाल, दहा ते बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जोडीला दोन्ही हातांत दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या धरून खांदे कानाकडे सावकाश उचलायचे आणि तीन मोजत खाली सोडायचे, पुन्हा दहा ते बारा. ट्रॅपेझियस दुखतो म्हणून त्याला विश्रांतीच द्यायची, हा समज लोकांना नडतो. तो काम करून थकतोय, त्याला जास्त काम पेलायला तयार करायचंय.

नुसता मसाज आणि मान कडाकड मोडून घेणं तेवढं बंद करा.

अंबड_शिफ्ट

आभार. उभ्याचं काम आहे, एक पोटरी आठवडाभर दुखतेय, थोडी सुजलीय आणि गरम लागते. तिथेही हेच करतात का?

अस्थी_नाशिकरोड

नाही. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर शिरेत गुठळी नाही ना हे आधी बघायचं. सुई नाही, मसाज नाही, तेल लावून चोळणं नाही. आजच डॉक्टरांना दाखवा, पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी करावी लागेल. धाप किंवा छातीत दुखणं आलं तर वाट न बघता रुग्णालयात.

सुई_आणि_स्नायू

त्याच ओघात, सुई कुणाला नको तेही लिहून ठेवतो, कारण धागा वाचून लोक जातात. टोचायच्या जागी फोड, जखम, कातडीचा संसर्ग. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यामुळे सुजणारा हात. रक्त न गोठण्याचा आजार. गरोदरपणाचे पहिले तीन महिने. साखर ताब्यात नसेल तर आधी ती ताब्यात. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. सुईला विजेची जोडणी देतात तो प्रकार पेसमेकरवाल्यांना नको. आणि ज्याला सुईची मनापासून भीती आहे त्याला समजावून, धरून करायचं नसतं. घाबरलेला माणूस आवळतो, आवळलेल्या स्नायूत सुई वाकते. बोटाने तीस ते साठ सेकंद दाब देऊनही हीच जागा सैल करता येते, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच.

द्राक्षमळा

सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्यांना वाचून दाखवलं. दोन गोष्टी राहिल्या. दिवस कसे बसवू? आणि समोरच्याला हे येतं की नाही ते कसं ओळखू?

सुई_आणि_स्नायू

दिवस असे बसवा. पहिली वेळ विरळणीच्या किमान चार-पाच दिवस आधी, सकाळी. त्या दिवशी हात वर धरायचं काम नाही, जड उचलणं नाही, फवारणीही नाही, कारण टोचलेली जागा घाम आणि औषधापासून एक दिवस कोरडी राहिलेली बरी. मान आणि खांदा मात्र दर तासाला हळूहळू हलवत राहा, आखडून बसू नका. अंघोळ संध्याकाळी चालेल. खरचटून मार लागल्यासारखा ठणका चोवीस ते अठ्ठेचाळीस तास राहतो, कुणाला बहात्तर. दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक द्या. गरज पडलीच तर पॅरासिटामोल. अ‍ॅस्पिरिन चालू आहे, म्हणून दुसरी वेदनाशामक गोळी दुकानातून आणून घेऊ नका. लहान काळानिळा डाग आला तर तो आठ-दहा दिवसांत जातो. दुसऱ्या दिवशी खांद्याच्या खालचं काम, तिसऱ्या दिवशी मांडवाखाली पंधरा मिनिटांच्या पाळ्यांत.

पुढची वेळ आठवड्याने. एकूण तीन, फार तर चार. दोन वेळा झाल्यावर कुशीवर झोप आणि हात वर धरून होणारं काम यांत काहीच फरक नसेल तर तिसरी सुई टोचून घ्यायची नाही, निदान परत तपासायचं. दहा बैठकांचं पॅकेज आधीच पैसे भरून घेऊ नका.

येतं की नाही ते असं ओळखा. फिजिओथेरपीची पदवी आणि राज्याच्या कौन्सिलकडची नोंदणी, हे पहिलं. नोंदणी क्रमांक मागितला तर कुणी रागवायचं कारण नाही. ड्राय नीडलिंगचं प्रशिक्षण पदवीनंतर वेगळं घ्यावं लागतं आणि ते पुष्कळदा दोन-तीन दिवसांचंच असतं. म्हणून प्रमाणपत्रासोबत हेही विचारा की खांद्याच्या या भागावर ते नेहमी काम करतात का. आधी तुमची हालचाल मोजतात का, औषधं विचारतात का, धोके सांगून लेखी संमती घेतात का. आणि शेवटी सुया मोजतात का. किती फोडल्या, किती डब्यात गेल्या. उठण्याआधी तुम्हीही विचारा, ‘सगळ्या निघाल्या ना?’ अंगावर राहून गेलेली सुई शर्ट घालताना आत दाबली जाते.

हातांचं_काम

आणि त्या सकाळी सैल बनियन घालून जा. मागून फरा पूर्ण उघडा करता आला पाहिजे, नाहीतर कड चाचपायला अडचण होते.

द्राक्षमळा

ठीक. सोमवारची सकाळची वेळ घेतो, विरळणी शनिवारपासून धरलीय. घोडीचं सुताराला आजच सांगतो.